समोरचा दरवाजा बदलताय? पैसे देण्याआधी मोबाईलवर हा नंबर तपासा

घराचा समोरचा दरवाजा नुसतं डिझाईन बघून घेऊ नका. आमच्या परभणीत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, मग पावसाळा लागतो. लाकूड उन्हात आकसतं, पावसात फुगतं. हलका पल्ला वाकला की कडी नीट बसत नाही. तयार फ्लश डोअर घेताना मी या तीन गोष्टी बघतो.

१. माप: मोबाईलचं मेजर ॲप अंदाजापुरतं ठीक आहे. पण दरवाजाला फट दोन-तीन मिलिमीटरचीच ठेवतात, तिथे अंदाज चालत नाही. टेपने चौकटीच्या खाचेची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा. सगळ्यात कमी माप धरा.

२. गोंद: बाहेरच्या दरवाजासाठी 'बीडब्ल्यूपी' मागा. म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा गोंद.

३. शिक्का: भरीव लाकडी फ्लश डोअरचं भारतीय मानक आहे आयएस २२०२. पल्ल्यावरच्या आयएसआय शिक्क्यावर हा आकडा वर असतो आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा लायसन्स नंबर. बीआयएस केअर ॲप उघडा, 'व्हेरिफाय लायसन्स डिटेल्स'मध्ये तो नंबर टाका. कंपनीचं नाव, वस्तू आणि लायसन्स चालू आहे का, ते लगेच कळतं. नाव जुळत नसेल तर तो पल्ला घेऊ नका.

स्मार्ट लॉक लावायचंय? मग पल्ल्याची जाडी लॉकला चालते का, तेही आधीच बघा.