हौसेचा जमाखर्च

हौसेला मोल नसते, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ज्याच्या घरी एक तारखेला पगार येतो त्याने ते खुशाल म्हणावे. रोजमजुरीच्या घरात हौसेला रोख मोल असते आणि ते कुणाच्या तरी साडीतून, कुणाच्या तरी चपलेतून कापले जाते. मी कारकून माणूस. बी.कॉम. झाल्यापासून जमा एका बाजूला आणि खर्च दुसऱ्या बाजूला मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून आज आपल्या वस्त्यांतील तीन हौशींचा हिशोब मांडतो. एक फुटबॉलच्या मॅचची, दुसरी खाण्याची आणि तिसरी गाण्याच्या रेकॉर्डी-कॅसेटी जमवण्याची.

हा विषय घ्यायला कारण घडले. अमरावती-अकोल्याकडे कुठल्याही विहारातल्या बैठकीला जा, एखादा वयस्क कार्यकर्ता हमखास उठतो आणि म्हणतो, "बाप्पा, पोट्टे रात्र रात्र टीव्हीसमोर बसून राह्यले, अभ्यास कोण करन?" तक्रार खोटी नाही. पण हौस म्हटली की ती उधळपट्टीच, हे मला पटत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले ते पुस्तकांच्या हौसेसाठी. उतारवयात ते व्हायोलिन शिकले. उत्तम फाउंटन पेनचा त्यांना नाद होता. ज्या महापुरुषाला क्षणाची उसंत नव्हती त्याने हौसेला जागा ठेवली, मग आपण मुलांच्या हौसेकडे वाकड्या नजरेने का पाहावे?

आधी फुटबॉल घेऊ. आमच्या पिढीला हा खेळ 1986 साली मेक्सिकोच्या विश्वचषकात दूरदर्शनने दाखवला. वस्तीत टीव्ही एखाद्याच घरी, तोही कृष्णधवल. कोणता संघ कोणता, हे रंगावरून कळायचे नाही, अंगातल्या सदऱ्याच्या पट्ट्यांवरून ओळखायचे. अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाला. अर्जेंटिनाने पश्चिम जर्मनीला 3-2 असे हरवले आणि दुसऱ्या दिवशी मॅराडोना हे नाव गोधडीतल्या पोरांपर्यंत पोचले. व्हिया फिओरितो नावाच्या गरीब वस्तीतला हा मुलगा होता, हे कळल्यावर तो आपला वाटला. आणि 1990 साली कॅमेरूनने पहिल्याच सामन्यात त्याच अर्जेंटिनाला 1-0 असे हरवले! कॅमेरूनचे दोन खेळाडू मैदानाबाहेर काढले गेले होते, नऊ जणांनी सामना जिंकला. पुढे अडतीस वर्षांचा रॉजर मिला गोल करून कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी नाचायचा. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी पोरे तसे नाचली होती, हे मला चांगले आठवते.

आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट मात्र टीव्हीवर कधी सांगत नाहीत. ब्राझीलमधील रिओ शहरात वास्को-द-गामा नावाच्या क्लबाने 1923 साली अजिंक्यपद जिंकले. त्या संघात काळे, मिश्रवंशीय आणि गरीब गोरे कामगार होते. हे पाहून श्रीमंत क्लबांनी नवी संघटना काढली आणि वास्कोला निरोप धाडला की बारा खेळाडूंना काढा, मग तुम्हाला घेऊ. वास्कोच्या अध्यक्षांनी 1924 साली पत्राने उत्तर दिले की आम्ही खेळाडू काढणार नाही, तुमची संघटना तुम्हाला लखलाभ. सन 1924 म्हणजे आपल्याकडे बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली ते साल. इकडे विहिरीवर बंदी, तिकडे मैदानावर बंदी. जो मुलगा रात्री जागून ब्राझीलचा सामना पाहतो त्याला ही हकीगत सांगितली तर त्याचे जागरण फुकट जाणार नाही.

आणखी एक नोंद. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ चौथा आला. 1 डिसेंबर 1956 रोजी आपण ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवले, नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाशी सामना झाला तो 7 डिसेंबरला. त्या दिवशी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली होती. वऱ्हाडातल्या कोणत्या घरात त्या दिवशी खेळाची बातमी वाचली गेली असेल?

विदर्भातली गोष्ट सांगायची तर नागपूरला हिस्लॉप कॉलेजातील प्राध्यापक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांना घेऊन 2001 साली हा खेळ सुरू केला आणि 'स्लम सॉकर' म्हणून तो जगभर गेला. नागराज मंजुळे यांचा 2022 चा 'झुंड' हा चित्रपट त्यावरूनच निघाला. आमच्या अमरावतीने तर 1936 सालीच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकला पाठवून देशी खेळ दाखवले होते. तेव्हा "खेळून काय होते" हा प्रश्न निदान अमरावतीकरांनी विचारू नये.

आता या जागरणाचा खर्च पाहा. वीज सोडली तर मोठा खर्च खाण्याचा. मॅचच्या रात्री आमच्याकडे कच्चा चिवडा होतो. मुरमुरे, शेंगदाणे, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, तिखट-मीठ आणि वरून कच्चे तेल. पैशाने स्वस्त आणि पाच मिनिटांत तयार. मध्यंतरात कुणी तरी "उकडपेंडी होऊन जाऊ दे" म्हणतो आणि घरातली बाई उठते. येथे माझा जमाखर्च अडतो. फुटबॉल पाहणे ही हौस, गाणी ऐकणे ही हौस; मग अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या नेमक्या किती घालायच्या, रोडगे गोवरीच्या निखाऱ्यात किती वेळ ठेवायचे, जवसाची चटणी कुटावी की वाटावी, हे ज्या मावशीला पाठ आहे तिची ती काय? तिला आपण काम म्हणतो. कधी कधी तर कामही म्हणत नाही. अमरावतीचा गिला वडा खायला माणसे लांबून येतात, हात चाटतात, तारीफ करतात. घरच्या चून-भाकरीची तारीफ मात्र माणूस परगावी गेल्यावर करतो. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक 2015 साली लिहून मराठवाड्यातील आपल्या घरांचे खाणे कागदावर आणले, टीका सोसली, पण ते झाले. वऱ्हाडातल्या चुलीचे कोणी लिहायचे?

आता तिसरी हौस. लेखाचा मुख्य भाग हाच आहे, कारण फुटबॉलचे सामने जगात कुठे ना कुठे जपून ठेवलेले असतात. ही हौस मात्र आपल्या पत्र्याच्या घरात मरते आहे.

5 डिसेंबर 1956 ची रात्र. दिल्लीत अलिपूर रोडवरील निवासस्थानी बाबासाहेब हळू आवाजात 'बुद्धं शरणं गच्छामि' म्हणत होते आणि त्यांनी नानकचंद रत्तू यांना तीच तबकडी रेडिओग्रामवर लावायला सांगितली. रेडिओग्राम म्हणजे रेडिओ आणि तबकडी वाजवायचे यंत्र एकाच पेटीत. म्हणजे शेवटच्या रात्रीही त्या घरात रेकॉर्ड वाजली आहे. त्यांचा स्वतःचा ध्वनिमुद्रित आवाज मात्र फार थोडा उरला. 1955 साली बीबीसीने घेतलेली मुलाखत ऐकताना अंगावर काटा येतो तो त्यामुळेच.

भारतात गाण्याच्या तबकडीची सुरुवात 1902 साली कलकत्त्याला झाली, त्या सुरुवातीच्या आवाजांत गौहरजान यांचा आवाज होता. ती तबकडी लाखेची. हातातून पडली की तुकडे. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. एवढ्यात आपल्या शाहिराचा गळा तरी तापतो का? गायन पार्टीचा सामना रात्री दहाला सुरू होऊन कोंबडा आरवेपर्यंत चालायचा. शिवाय कुणाचे गाणे तबकडीवर घ्यायचे हे ठरवणार मोठी कंपनी, तीही शहरात बसून. फिलिप्स कंपनीने 1963 साली कॅसेट आणली आणि ती ऐंशीच्या दशकात आपल्याकडे घरोघरी पोचली, तेव्हा हे चित्र पालटले. एच.एम.व्ही.ची मक्तेदारी मोडली. थोड्या भांडवलात कॅसेट निघू लागली आणि भीमगीतांना बाजार मिळाला. नागपूरला दीक्षाभूमीवर जाणारा माणूस परतताना पिशवीत पुस्तक, बुद्धमूर्ती आणि दोन-तीन कॅसेटी घेऊन येऊ लागला. एक कॅसेट वीस-पंचवीस रुपयांना. निंदणाला जाणाऱ्या बाईची एका दिवसाची मजुरी त्याहून कमी होती. तरी घेतली जायची. टेप नसलेल्या घरातसुद्धा कॅसेट असायची, शेजारच्या टेपवर लावायला!

अकोल्याकडचे रेल्वेतील एक निवृत्त गँगमन काकाजी माझ्या परिचयाचे आहेत. त्यांच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत सव्वाशेच्या वर कॅसेटी आहेत. त्यांचे दोन भाग त्यांनी स्वतःच पाडले आहेत. एक 'कंपनीच्या' आणि दुसरा 'आपल्या'. कंपनीच्या म्हणजे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप आणि इतर. (प्रल्हाद शिंदे यांना बाकीचा महाराष्ट्र विठ्ठलाच्या गाण्यांसाठी ओळखतो, आपल्या वस्त्या भीमगीतांसाठी. गळा एकच.) 'आपल्या' म्हणजे कोऱ्या कॅसेटीवर जयंतीच्या रात्री, भोंग्याजवळ टू-इन-वन ठेवून भरलेल्या. त्यांत मध्येच कुत्रे भुंकते, लेकरू रडते, पेटीवाला सूर जुळवतो आणि कोणी तरी मंचावरून पुकारतो, अमुक गावच्या तमुक यांच्याकडून पार्टीला अकरा रुपये बक्षीस. जयभीम!

माझ्या मते या 'आपल्या' कॅसेटींचे मोल कंपनीच्या कॅसेटींहून जास्त आहे. कंपनीचे गाणे आज मोबाईलवर मिळते. पण मूर्तिजापूर, दर्यापूर, बाळापूरकडच्या ज्या गायन पार्ट्यांना कोणत्याही कंपनीने कधी बोलावले नाही, त्यांचा आवाज या एकाच फितीवर आहे. दुसरी प्रत नाही. अकरा रुपये देणाऱ्यांची ती यादी म्हणजे वस्तीच्या चळवळीचा वर्गणीदार-पट आहे, आणि कारकून म्हणून सांगतो, पावतीपुस्तके केव्हाच वाळवीने खाल्ली.

काकाजींकडून एक गोष्ट शिकलो. कॅसेटच्या कव्हरवर गायकाचे नाव मोठे असते, कवीचे असतेच असे नाही. तेव्हा शेवटचे कडवे कान देऊन ऐकायचे. तिथे कवी आपले नाव गुंफतो. 'वामन' आले की गाणे वामनदादा कर्डक यांचे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीत 1922 साली जन्मलेल्या, अक्षरओळख मोठेपणी झालेल्या या माणसाने हजारो गाणी लिहिली, गावोगाव गायली. त्यांतली कितीतरी गाणी इतरांच्या गळ्यातून गेली. काकाजींच्या वहीत प्रत्येक कॅसेटसमोर शेवटच्या कडव्यातले नाव लिहिले आहे. हा माणूस सातवी शिकलेला. विद्यापीठातला संशोधक वेगळे काय करतो?

पण त्या सव्वाशे कॅसेटींत बाईचा आवाज शोधला तर चार-पाच सापडतात. आपल्या आया-बहिणी गायच्या त्या जात्यावर, पाळण्याजवळ, निंदणाच्या ओळीत. तिथे टेप कोण नेणार? हेमा राईरकर आणि गी पॉईटव्हिन यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम केले, ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या 1996 साली ध्वनिमुद्रित झाल्या, त्या आजही ऐकता येतात. वऱ्हाडातल्या ज्या मावश्यांना अजून ओव्या येतात त्यांचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे.

कॅसेटी जातात कशा, तेही पाहिले आहे. घरकुल मंजूर होते, जुने घर पाडतात, सामान अंगणात येते आणि टेप बंद पडलेला म्हणून कॅसेटींची पेटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. किलोच्या भावाने. जे वाचते ते उन्हाने जाते. अकोल्याचा मे महिना 45 अंशांच्या वर आणि डोक्यावर पत्रा. आतली फीत वाकते, पावसाळ्यात तिच्या कडेला पांढरी बुरशी धरते.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांनी एवढे करावे. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या मोडून टाका; म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. फीत सैल असेल तर पेन्सिलीने गुंडाळा. बुरशी दिसली तर ती कॅसेट टेपात घालू नका, जाणकाराला दाखवा. चांगली असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, मग टेपचे हेड स्पिरिटने पुसून वाजवा. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाला जोडा. ऑडॅसिटी नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर गाणे उतरवून घेते. मोबाईल भोंग्यासमोर धरून भरू नका, घरातला पंखासुद्धा गाण्यात येतो. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात, घाई चालत नाही. संगणक घरी नसेल तर कॉलेजात जाणारा एखादा भाचा-पुतण्या गाठा. फुटबॉलसाठी जागणारा मुलगा या कामाला उत्तम. जागरणाची त्याला सवय असते.

आणि उतरवलेल्या प्रत्येक कॅसेटसमोर वहीत लिहा: गाव, साल, निमित्त, पार्टीचे नाव, पेटी कुणी वाजवली, ढोलकी कुणी, शेवटच्या कडव्यात कोणाचे नाव आहे. त्या रात्री पार्टीचे जेवण कुणाच्या घरी होते, काय रांधले होते आणि कुणी, तेही घरच्या बायांना विचारून त्याच ओळीत लिहा.