म्हात्रे पुलावरून जाताना

संध्याकाळी म्हात्रे पुलावर दुचाकींची रीघ लागते. एरंडवण्याच्या डीपी रस्त्यावरून आलेली गर्दी मुठा ओलांडून दत्तवाडी, नवी पेठेकडे सरकत असते. ‘म्हात्रे पुलाच्या अलीकडे थांब’ असे पुण्यात रोज कितीतरी जण एकमेकांना फोनवर सांगतात. पण हे म्हात्रे कोण, असे विचारले तर सांगू शकणारे फार थोडे निघतील.

रवींद्र म्हात्रे हे ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम शहरात भारताच्या वकिलातीत अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ च्या संध्याकाळी ते बसमधून उतरून घरी निघाले होते. हातात लेकीच्या वाढदिवसाचा केक होता. काश्मीर लिबरेशन आर्मीचे नाव सांगणाऱ्या टोळीने त्यांना रस्त्यातच पळवले आणि फाशीची शिक्षा होऊन तिहार तुरुंगात असलेल्या मकबूल बटची सुटका मागितली, शिवाय दहा लाख पौंड. दोनच दिवसांनी लेस्टरशायरमधल्या एका गावरस्त्यावर म्हात्र्यांचा मृतदेह सापडला. ११ फेब्रुवारीला बटला फाशी दिली गेली. पुण्याने आपल्या एका पुलाला म्हात्र्यांचे नाव दिले.

त्यांनी कोणावर शस्त्र उगारले नव्हते, कसले धोरणही ठरवले नव्हते. परक्या शहरात ते आपल्या देशाच्या वतीने बसले होते, एवढेच. दूत अवध्य असतो ही समजूत मराठी माणसाला रामायण-महाभारतातून मिळालेली आहे. रावणाच्या दरबारात हनुमानाला मारू नये म्हणून बिभीषण उभा राहतो. दुर्योधन कृष्णाला बांधायला निघतो तेव्हा ती त्याची मोठी चूक आहे, हे ऐकणाऱ्या लहान पोरालाही कळते. समजुतीने मिटवायला निघालेल्या माणसाच्या खटपटीला आपण आजही ‘कृष्णशिष्टाई’ म्हणतो.

‘वकिलात’ हा शब्दही मोठा जुना इतिहास पोटात घेऊन आला आहे. आज पुण्यात वकील म्हटले की शिवाजीनगर कोर्टातला काळा कोट डोळ्यांपुढे येतो. पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी राहणारा आपला माणूस. दिल्लीला हिंगणे घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले, हैदराबादला निजामाकडे गोविंदराव काळे होते. या वकिलाची कामे तीन: धन्याच्या वतीने बोलणे, घासाघीस करणे आणि बातमी लिहून पाठवणे. त्यातले तिसरे काम सर्वांत जिकिरीचे. फौज कुठे हलली, कोणाची मर्जी खप्पा झाली, खजिन्यात किती खडखडाट आहे, हे सगळे जासुदाच्या हाती पुण्याला पोचवायचे. १९६१ च्या व्हिएन्ना करारात राजनैतिक कचेरीच्या कामांची जी यादी दिली आहे, तिच्या मुळाशी हीच तीन कामे आहेत.

पुण्यात या विद्येचा मेरुमणी म्हणजे नाना फडणवीस. नानांचे कसब बोलण्यात होते तेवढेच थांबण्यातही होते. इंग्रज-मराठ्यांचे पहिले युद्ध मिटवणारा सालबाईचा तह महादजी शिंदे आणि कंपनीचा डेव्हिड अँडरसन यांनी १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ केला. त्यावर पुण्याची मान्यता हवी होती. नाना महिनोन्‌महिने तहनामा दाबून बसले. तिकडे कर्नाटकात हैदरअली इंग्रजांशी लढत होता. त्याच्याशी पुण्याचा करार होता आणि तो लढतोय तोवर इंग्रज कात्रीत होते. ७ डिसेंबरला हैदर वारला. २० डिसेंबरला नानांनी तह मान्य केला. जवळजवळ सात महिने कागद पुढ्यात ठेवून स्वस्थ बसणे यालाही केवढी छाती लागते! पराक्रम म्हटले की आपल्याला तलवारच आठवते, म्हणून नानांच्या या सात महिन्यांवर कोणी पोवाडा रचत नाही. रचायला हवा होता.

तहानंतर इंग्रजांनाही पुण्यात कायमचा माणूस हवा झाला. तोवर कंपनीचे पुण्याशी बोलणे महादजींमार्फत चाले. म्हणून चार्ल्स वॉर मॅलेटला आधी उत्तरेत जाऊन महादजींची समजूत काढावी लागली. १७८६ मध्ये तो पुण्यात आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रजांची रेसिडेन्सी उभी राहिली. १ जून १७९० रोजी टिपूविरुद्धचा करार पुण्यात झाला. या करारासाठी भरलेल्या दरबाराचे थॉमस डॅनियलने रंगवलेले भव्य चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. शनिवारवाड्यातला गणपती रंगमहाल, सोळा वर्षांचे सवाई माधवराव, भोवती बैठकीवर दरबारी आणि त्यांच्यात लाल कोटातले इंग्रज. ज्या जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून हे चित्र उभे राहिले, तो स्वतः करार झाला तेव्हा हिंदुस्थानात पोचलाही नव्हता. त्यामुळे चित्र हा काही त्या दिवसाचा साक्षीदार नव्हे. पण कोण किती जवळ बसले, कोणाच्या पुढ्यात कोण, याचे महत्त्व चित्रकाराला पुरते कळले होते. वाडा १८२८ मध्ये जळाला. त्या महालाची कल्पना करायची तर आता या चित्राचाच आधार घ्यावा लागतो.

नाना १८०० मध्ये गेले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २० जुलै १८१५ च्या रात्री, पंढरपुरात जे घडले त्याने पुण्याच्या शब्दाची पत गेली.

गंगाधरशास्त्री पटवर्धन हे बडोद्याच्या गायकवाडांचे वकील. पेशव्यांशी थकबाकीचा हिशेब आणि अहमदाबादचा इजारा यांची बोलणी करायला ते १८१४ मध्ये पुण्यात आले. त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी दिली होती. बोलणी रेंगाळली. पेशवा दुसऱ्या बाजीरावाने मग शास्त्र्यांना गोंजारायला सुरुवात केली. आपल्या मेहुणीचे लग्न शास्त्र्यांच्या मुलाशी लावण्यापर्यंत गोष्टी गेल्या. शास्त्र्यांनी त्यातून अंग काढून घेतले आणि मने बिघडली. आषाढीला बाजीराव पंढरपूरला गेला, शास्त्रीही गेले. त्या रात्री प्रकृती बरी नाही म्हणून ते देवळात जायला तयार नव्हते. बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्याकडून निरोपांवर निरोप आले, तेव्हा ते निघाले. विठ्ठलाचे दर्शन घेऊन परतताना वाटेतच मारेकऱ्यांनी त्यांना तोडले.

रेसिडेंट एल्फिन्स्टन तेव्हा वेरूळची लेणी पाहायला गेला होता. तो परतला तो त्रिंबकजीला मागतच. बाजीरावाचा या खुनात हात कितपत होता यावर इतिहासकार भांडत आले आहेत. पण बाहेरच्या दरबारांना तो वाद घालायची गरज नव्हती. पेशव्याच्या दारी आलेला वकील पेशव्याच्या यात्रेत मारला गेला, एवढे त्यांना पुरे होते. त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यात कैद झाला, १८१६ मध्ये तिथून निसटला आणि इंग्रजांना आयते निमित्त मिळाले.

१३ जून १८१७ च्या पुणे तहातली एक अट मुलूख आणि किल्ल्यांच्या अटींइतकीच जिव्हारी लागणारी आहे. पेशव्याने परदरबारी आपले वकील ठेवायचे नाहीत, त्यांचे पुण्यात ठेवून घ्यायचे नाहीत, जे बोलायचे ते रेसिडेंटमार्फत. मुलूख गेला तर लढून परत घेता येतो. बोलायची सोयच काढून घेतली तर लढण्याआधी आणि लढल्यानंतर जायचे कोणाकडे? बाजीरावाला हे कळले नसेल असे नाही, पण पंढरपूरनंतर त्याच्या हाती फारसे उरलेले नव्हते.

आज हीच अवध्यता कागदावर पक्की बांधलेली आहे. व्हिएन्ना करारानुसार राजनैतिक दूताला अटक करता येत नाही, वकिलातीत परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही, त्याच्या रक्षणाची जबाबदारी यजमान देशावर असते. माणूस नकोसा झालाच तर त्याला परत पाठवायचे. आणि तरीही १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी वकिलातीतल्या ५२ जणांना ४४४ दिवस ओलीस ठेवले गेले. म्हात्र्यांच्या वेळीही करार जागेवरच होता.

पुणे तहानंतर काही महिन्यांतच युद्धाची वेळ आली, तेव्हा ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुपारी बाजीरावाचा माणूस निर्वाणीचा निरोप घेऊन संगमावर गेला. उत्तर घेऊन तो सुखरूप परतला. एल्फिन्स्टन नदी ओलांडून खडकीच्या छावणीकडे निघून गेला आणि त्याच दिवशी पेशव्यांच्या फौजेने रेसिडेन्सी पेटवली. त्याची पुस्तके आणि हस्तलिखिते त्यात खाक झाली.

वकिलांनी पुण्याला लिहिलेली पत्रे मात्र राहिली. पुणे पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत. रुमाल सोडला की मोडीतल्या ओळी लागतात: फौजांचे कूच, दरबारातली कुजबुज, पैशांची मागणी आणि उत्तर लवकर यावे म्हणून केलेली विनवणी. मजकूर संपला की तीच ठरलेली अखेर: बहुत काय लिहिणे.