प्रदूषक विहिरीत कधी पोचतो? मातीतल्या प्रवासाचं गणित

मागच्या व्याख्यानात आपण हेन्री डार्सीचा १८५६ सालचा नियम पाहिला: वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं. आज त्या पाण्यात काहीतरी विरघळलंय असं धरू आणि विचारू, ते विहिरीत कधी पोचेल?

मॉडेलमध्ये आपण तीन गोष्टी धरतो. पदार्थ पाण्याबरोबर वाहतो, वाटेत पसरतो आणि मातीच्या कणांना चिकटतो. पसरल्यामुळे त्याचा थोडा भाग सरासरीच्या आधी पोचतो, थोडा मागे राहतो.

आता हिशेब करू. समजा, मुळांच्या खाली वर्षाला १५० मिलिमीटर पाणी झिरपतं आणि मातीच्या आकारमानात ३० टक्के पाणी आहे. १५० भागिले ०.३ म्हणजे ५०० मिलिमीटर. पाणी वर्षाला अर्धा मीटर खाली सरकलं. भूजल पाच मीटरवर असेल तर दहा वर्षं लागतील. नायट्रेटलाही साधारण तेवढीच; त्याच्यावर ऋण भार, चिकणमातीवरही ऋण भार, म्हणून ते फारसं चिकटत नाही. चिकटणाऱ्या पदार्थाचा मंदन गुणांक ११ असेल, तर त्याला एकशे दहा वर्षं.

हेच गणित काळ्या रानात लावलं की फसतं. उन्हाळ्यात तिथे हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी कणाकणातून मुरत बसत नाही. ते भेगेतून थेट मुरमापर्यंत उतरतं आणि तिथून खडकाच्या सांध्यांतून विहिरीकडे जातं. वर उकिरडा असेल, खत शिल्लक असेल, तर दहा वर्षांचा प्रवास काही दिवसांवर येऊ शकतो. पुढे माती फुगते, भेगा मिटतात आणि वाट बंद होते.

म्हणून अशा मातीसाठी आपण दोन वाटांचं मॉडेल वापरतो: एक वाट भेगांची, दुसरी ढेकळांच्या आतली, आणि दोघींमधली देवाणघेवाण. एकच सरासरी वेग धरला तर नेमका धोक्याचा आठवडा हिशेबातून निसटतो.

भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेल्या पाण्यात पावडरचं दूध कालवलं, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होऊ शकते. एप्रिलमधल्या तपासणीत विहीर ‘पास’ झाली, म्हणून जुलैचं पाणीही तसंच असेल असं नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतरचा नमुनाही तपासायला हवा.