इंडोनेशियाचा नवा पडदा

उघड्या मालमोटारीत दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या खेड्यातील बायका शहरातील इस्पितळात पडलेल्या आपल्या सरपंचबाईंना भेटावयास निघाल्या आहेत आणि वाटेत गावातील एका तरुणीच्या चारित्र्याचा काथ्याकूट चालला आहे. ‘तिलिक’ या अर्ध्या तासाच्या इंडोनेशियन चित्रपटाचे कथानक एवढेच. २०१८ साली निघालेला हा चित्रपट ऑगस्ट २०२० मध्ये यूट्यूबवर विनामूल्य ठेवण्यात आला आणि कोट्यवधी वेळा पाहिला गेला. त्यातील बायका बोलतात ती जाकार्तातील प्रतिष्ठितांची भाषा नव्हे. ती जावा बेटावरील घरादारांतील भाषा होय.

या यशाचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. सतरा हजारांवर बेटे आणि सातशेहून अधिक भाषा असलेल्या या देशाला एका राष्ट्रभाषेने बांधून ठेवले, ही कामगिरी सामान्य नव्हे. परंतु तिची किंमत प्रादेशिक भाषांनी मोजली. १९६२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने तेथे सरकारी दूरचित्रवाणी सुरू झाली आणि १९८९ पर्यंत तिला प्रतिस्पर्धी नव्हता. पाश्चात्त्य धर्तीची गाणी वाजविली म्हणून ‘कुस बरसौदारा’ या भावांच्या वाद्यवृंदाला १९६५ साली तुरुंगात जावे लागले. लोकांनी काय पाहावे आणि काय ऐकावे, हे राजधानीत ठरत असे.

ही मिरासदारी मोबाइलच्या पडद्याने मोडली. २०११ साली गोरोन्तालो येथील एका पोलीस शिपायाने ‘छैय्या छैय्या’ या मुंबईच्या चित्रपटगीतावर ओठ हलविले आणि तो रातोरात देशभर ओळखला जाऊ लागला. जावानीज भाषेत विरहगीते गाणारे दिदी केंपोट यांना २०१९ साली, पन्नाशी उलटल्यावर, तरुण पिढीने डोक्यावर घेतले. योग्याकार्ताचे सूत्रधार सेनो नुग्रोहो यांनी छायाबाहुल्यांचा खेळ थेट प्रक्षेपणाने घरोघर पोहोचविला. महाभारताच्या त्या कथांत व्यासांना ठाऊक नसलेला बागोंग नावाचा सेवक राजेरजवाड्यांची यथेच्छ थट्टा करतो! २०२० साली हे दोन्ही कलावंत निवर्तले. त्यांनी जागविलेली आवड मात्र मावळलेली नाही.

तथापि या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मे २०२० मध्ये बांडुंग शहरातील एका तरुणाला अटक झाली. मदतीच्या नावाखाली तृतीयपंथीयांच्या हाती कचऱ्याने भरलेली खोकी देऊन त्याने त्यांच्या फजितीची चित्रफीत प्रसिद्ध केली होती. दुबळ्यांच्या अशा विटंबनेला कायद्याने आवर घालणे योग्यच होय. परंतु तोच कायद्याचा हात भलतीकडेही पोहोचतो. डुकराचे मांस खाण्यापूर्वी ‘बिस्मिल्ला’ म्हटल्याची चित्रफीत दाखविणाऱ्या स्त्रीला पालेंबांगच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन वर्षांची कैद सुनावली. जिवंत माणसाची अवहेलना आणि कोणाच्या भावनांना लागलेला धक्का या दोन गोष्टी एकाच तराजूत तोलल्या गेल्या, तर शिक्षेच्या भयाने प्रथम मुका होईल तो बागोंगच.

शिवाय कोणती चित्रफीत कोणापुढे यावी, हे आता परदेशी कंपन्यांची यंत्रे ठरवितात. त्यांना भाषेची कदर नाही आणि द्वेषही नाही. प्रेक्षक किती वेळ खिळून राहिला, एवढेच त्या मोजतात. अशा बाजारात खोडसाळपणाला चांगला भाव येतो, यात नवल नाही.

मग शासनाने काय करावे? उत्तर ‘तिलिक’मध्येच आहे. या चित्रपटाला पैसा योग्याकार्ताच्या सांस्कृतिक खात्याने पुरविला होता. अफवा कशी पसरते, हे त्या अर्ध्या तासाने हसत हसत जितक्या लोकांना दाखविले, तितक्यांना कोणत्याही सरकारी फतव्याने पटविले नसते. ज्या सत्तेने एकेकाळी गायकांना गजाआड केले, तिला आश्रयदात्याची भूमिकाही वठविता येते, हे यातून सिद्ध झाले आहे. जाकार्ताने कात्रीपेक्षा या उदाहरणावर अधिक विश्वास ठेवावा.