पुन्हा हाच पेशा घ्याल का?

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सावनेर मागे पडले, की महाराष्ट्राची हद्द संपते आणि सौंसरच्या अलीकडे बोरगाव लागते. औद्योगिक क्षेत्रातील कारखाने, भोवताली संत्र्यांच्या बागा, राज्य मध्य प्रदेशचे, आणि बोलणे मात्र मराठी! 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर एका राज्यात गेले आणि हा मुलूख दुसऱ्या राज्यात राहिला. परंतु आजाराला हद्द ठाऊक नसते. दुखणे जरा हट्टी निघाले, की येथील माणसाची पावले अजूनही नागपूरच्या ‘मेडिकल’कडे नाहीतर ‘मेयो’कडे वळतात. तेथे डॉक्टर दिवसातून एकदा, फार तर दोनदा, खाटेपाशी येतात. उरलेला सारा वेळ रोगी ‘सिस्टर, सिस्टर’ म्हणून जिला हाका मारीत असतो, तिच्याविषयी, श्रोतेहो, आज थोडे बोलावयाचे आहे.

या भागातल्याच एक बाई मला मागे भेटल्या. अडतीस वर्षे परिचारिकेचे काम करून त्या निवृत्त झालेल्या. मी त्यांना सहज विचारले, “ताई, पुन्हा अठरा वर्षांच्या झालात, तर हाच पेशा घ्याल का?” त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “काम पुन्हा घेईन, भाऊ. नोकरी मात्र नाही घ्यायची.”

काम आणि नोकरी यांत त्यांनी केलेला हा भेद नीट समजून घेण्यासारखा आहे.

परिचारिका म्हणजे सुई टोचणारी आणि गोळ्या वाटणारी बाई, अशी आपली समजूत असते. वास्तविक तिचे मुख्य काम पाहण्याचे आहे. श्वासाची गती वाढली आहे, लघवी कमी झाली आहे, काल बोलणारा रोगी आज असंबद्ध बोलू लागला आहे, या गोष्टी प्रथम तिला दिसतात; आणि त्या वेळीच दिसल्या नाहीत, तर पुढे मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलाही फारसे करता येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. नाही वळविले तर पाठीला जखमा होतात, त्या चिघळतात, आणि मूळ दुखण्यातून वाचलेला माणूस त्या जखमांनी जातो. हे वळविण्याचे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. ते झाले नाही तरच कळते. बाई म्हणाल्या, “मी किती माणसांच्या पाठी राखल्या, ते कोणी मोजलं नाही. मला मात्र ठाऊक आहे.” असे समाधान फार थोड्या पेशांत मिळत असेल.

आता नोकरी पाहू. इंग्रजी अमदानीच्या अखेरीस नेमलेल्या भोर समितीने 1946 साली अहवाल दिला. त्यावेळी देशात सुमारे 43,000 लोकांमागे एक परिचारिका होती. त्या मानाने आज पुष्कळ मजल मारली आहे, यात शंका नाही. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण असे, की वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रोग्यांमागे एक परिचारिका असावी. शिवाय रजांच्या सोयीसाठी तीस टक्के जादा नेमाव्या. हे कागदावरचे झाले. रात्री अकरा वाजता कोणत्याही मोठ्या वॉर्डात उभे राहावे आणि खाटा मोजाव्यात. खाटांच्या मधल्या जागेत जमिनीवर अंथरलेल्या गाद्याही मोजाव्यात. एका बाईने इतक्या जणांना दर दोन तासांनी वळवावयाचे कसे, याचे उत्तर प्रमाण ठरविणाऱ्यांनी द्यावयाचे आहे.

पगाराचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 मधील आदेशावरून केंद्र सरकारने समिती नेमली. लहानशा खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना 20,000 रुपयांहून कमी वेतन नसावे आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात ते सरकारी वेतनाइतके असावे, अशी तिने शिफारस केली. शिफारशीचा कायदा करणे राज्यांकडे सोपविले गेले, आणि शिफारस व कायदा यांत किती अंतर असते, हे आपणांस सांगावयास नको. त्याच वर्षी केंद्राच्या नोकरीतील ‘स्टाफ नर्स’ला ‘नर्सिंग ऑफिसर’ हे नाव मिळाले. नाव चांगलेच आहे. हाताखाली माणसे मिळाली असती तर ते अधिक शोभले असते.

या पेशाची प्रतिष्ठा आपल्या समाजाने खळखळ करीतच दिली. सावित्रीबाई फुले 1897 साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या, त्यांना आपण वंदन करतो; परंतु रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने तरुण विधवांना परिचारिकेचे शिक्षण द्यावयाचे मनात आणले, तेव्हा परपुरुषाच्या अंगाला हात लावणारे हे काम कुलीन स्त्रीला शोभेल काय, असाच प्रश्न पुढे आला होता. त्याचा अंश अजून उरला आहे. लग्नाच्या बोलण्यात ‘मुलगी नर्स आहे’ म्हटले, की ‘रात्रपाळी असते का?’ हा दुसरा प्रश्न येतो. तो केवळ शंकेखोरपणाचा आहे, असेही म्हणवत नाही. अरुणा शानभाग यांच्यावर 1973 साली त्या नोकरी करीत होत्या त्याच रुग्णालयात हल्ला झाला. पुढील बेचाळीस वर्षे, 2015 साली त्यांचा अंत होईपर्यंत, मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी पिढ्यामागून पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. पेशाचे भय आणि पेशाचा थोरपणा एकाच खाटेपाशी दिसावा, असे हे उदाहरण आहे. दुसरे अंजली कुलथे यांचे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले असता त्यांनी आपल्या वॉर्डातील वीस गरोदर स्त्रियांना सुरक्षित जागी हलविले. पुढे कसाबविरुद्ध साक्ष देताना त्यांनी आपला गणवेष घालण्याची परवानगी मागितली. गणवेषाविषयी असे वाटणारी बाई तो पुन्हा घालील की नाही, हे विचारण्याचे कारण नाही.

बोरगाव-सौंसरच्या मुलीपुढे मात्र आणखी एक अडचण आहे. शिकावे मध्य प्रदेशात, तर नाव नोंदले जाते भोपाळला. नोकरी हवी नागपुरात, तर महाराष्ट्राच्या परिषदेकडे पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यात मध्य प्रदेशातील परिचर्या महाविद्यालयांचा घोळ उघडकीस आला. न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने त्यांची तपासणी केली, आणि 2024 साली साठाहून अधिक महाविद्यालये बंद करण्याचा हुकूम निघाला. मध्यंतरी परीक्षाच रखडल्या. ज्यांनी शेती गहाण टाकून फी भरली असेल, त्यांच्या घरी ‘हाच पेशा पुन्हा घ्याल का’ हे विचारण्याची छाती मला तरी होणार नाही.

उठताना मी बाईंना दुसरा प्रश्न केला: घरातल्या मुलीला या कामात पाठवाल का? त्या हसल्या. त्यांची भाची शिक्षण पुरे करून नागपुरातील एका खासगी रुग्णालयात मुलाखतीस गेली होती. बाईंनी तिला एवढेच सांगून धाडले होते, की पगार मागाहून विचार. आधी विचार, रात्री एकीकडे किती खाटा. मुलीने विचारले. उत्तर मिळाले, “बावीस.” मुलीने अजून होकार कळविलेला नाही, आणि नकारही.