न दुखणाऱ्या जखमेची वही

पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर आपल्या मुलांना आता सिनेमामुळे ठाऊक आहेत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या या जवानाने १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. तेव्हा पदकांच्या नोंदी होत. दुखापतींच्या पद्धतशीर नोंदी बऱ्याच उशिरा सुरू झाल्या.

२०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये १६० देशांच्या ३,५६५ खेळाडूंच्या दुखापती आणि आजार रोज संगणकावर नोंदवले गेले. सर्वाधिक दुखापती खांद्याच्या निघाल्या. व्हीलचेअरवरच्या खेळाडूचा खांदा खेळतोही आणि चालतोही. तो दुखावला की सराव थांबतोच, शिवाय अंथरुणातून उठणेही अडते.

दुसरा धोका मुका असतो. मज्जारज्जूला इजा झालेल्यांना बधिर भागावरची जखम दुखून कळत नाही. बसून-बसून उमटलेला लाल-काळपट डाग रोज डोळ्यांनीच शोधावा लागतो.

तुयेसारख्या गावात खेळू पाहणाऱ्या मुलासाठी संगणकच हवा असे नाही. घरात एक वही पुरे: आज किती सराव केला, खांदा कसा आहे, झोप लागली का, ताप आहे का, त्वचेवर डाग दिसतो का. डाग हटत नसेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. लिहिणारे भावंड असले, तर उत्तमच.