गरज सरली तरी वैद्य राखला : तेलसंकट आणि डेन्मार्कचा धडा



'पर्यायी ऊर्जास्रोत' या विषयावर मुलांना निबंध लिहायला दिला की बऱ्याच वह्यांमध्ये एक वाक्य हमखास सापडतं : "खनिज तेल संपत चालले आहे, म्हणून जग सौर व पवन ऊर्जेकडे वळत आहे." वाक्य चुकीचं नाही, पण अपुरं आहे. जमिनीखाली भरपूर तेल असतानाही ते आपल्यापर्यंत पोहोचणं बंद होऊ शकतं. दूर कुठेतरी युद्ध पेटतं, एखादा देश पुरवठा रोखतो आणि भाव कडाडतात. अशा वेळी सगळेच देश पर्यायी ऊर्जेची भाषा बोलू लागतात. पण काही खरोखर वळतात आणि काही संकट ओसरलं की जुन्या वाटेवर परत येतात. हा फरक कशामुळे पडतो? डेन्मार्कच्या उदाहरणातून तो मुलांना चांगला समजावता येतो.

१९७३ : तेलाचा नळ आवळला गेला

६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केला. अमेरिकेने इस्रायलला शस्त्रं पुरवली. त्यावर अरब तेल उत्पादक देशांनी तेलाचं उत्पादन घटवलं आणि अमेरिका, नेदरलँड्स अशा देशांना तेल देणंच थांबवलं. तेलाचा भाव बॅरलला सुमारे ३ डॉलर होता, तो १९७४ च्या सुरुवातीला जवळजवळ १२ डॉलरवर गेला. म्हणजे काही महिन्यांत चौपट! (एक बॅरल म्हणजे साधारण १५९ लिटर, हे मुलांना सांगायला विसरू नका.)

डेन्मार्क हा छोटा, थंड देश. त्या वेळी तिथली लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास होती. देशाला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा बाहेरून आणलेल्या तेलातून मिळायची. गाड्या तेलावर, वीज मुख्यतः तेलावर आणि हिवाळ्यात घरं गरम ठेवायची तीही तेलावरच. त्यामुळे तिथे नुसता पेट्रोलचा प्रश्न नव्हता. थंडीत घर ऊबदार राहील की नाही, हा प्रश्न होता. सरकारने २५ नोव्हेंबर १९७३ पासून रविवारी खासगी गाड्या चालवायला बंदी घातली. मोकळ्या महामार्गांवर लोक सायकली घेऊन उतरले.

आधी तहान भागवली, मग विहीर खणली

तहान लागल्यावर विहीर खणू नये असं आपण म्हणतो. पण तहान लागलीच असेल, तर पहिल्यांदा मिळेल ते पाणी प्यावं लागतं. डेन्मार्कनेही तेच केलं. वीजकेंद्रं तेलावरून कोळशावर नेली. ऐंशीच्या दशकात तिथली बहुतांश वीज कोळशापासून तयार होत होती. कोळसा हेसुद्धा जीवाश्म इंधनच, आणि धूरही जास्त करणारं! ही गोष्ट वर्गात झाकून ठेवू नये. संकटात सरकार पहिला प्रश्न विचारतं तो पुरवठ्याचा. पर्यावरणाचा विचार बहुधा नंतर येतो.

मात्र त्याच काळात विहीर खणायलाही सुरुवात झाली. १९७६ मध्ये डेन्मार्कने आपला पहिला राष्ट्रीय ऊर्जा आराखडा केला. घराच्या भिंती आणि छपरातून उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून उष्णतारोधक थर बसवायला प्रोत्साहन दिलं. १९७९ मध्ये उष्णता पुरवठ्याचा कायदा झाला. औष्णिक वीजकेंद्रात इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा सहसा उष्णतेच्या रूपात वाया जाते. ती उष्णता वापरून पाणी गरम करायचं आणि ते पाइपांनी घरोघर पोहोचवायचं, अशी व्यवस्था शहराशहरांत वाढवली गेली. एकाच इंधनात वीजही आणि ऊबही. विज्ञानाच्या तासाला 'ऊर्जेचं रूपांतर' शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या.

पवनचक्क्यांमागे शिक्षक!

हा भाग आपल्या शिक्षकमंडळींना नक्की आवडेल. डेन्मार्कमध्ये पवनचक्कीपासून वीज बनवण्याचा पाया एका शिक्षकाने घातला. त्यांचं नाव पॉल ला कूर. आस्कोव्ह गावच्या लोकशाळेत ते शिकवायचे. १८९१ मध्ये त्यांनी वीजनिर्मितीसाठी पवनचक्की उभारली. वारा पडला की काय करायचं, हा प्रश्न त्यांनाही पडला होता. म्हणून त्या विजेने पाण्याचं विघटन करून ते हायड्रोजन साठवायचे आणि त्यावर शाळेतले दिवे लावायचे.

त्यांच्याकडे शिकलेल्या योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर इथे तीन पात्यांची २०० किलोवॉटची पवनचक्की उभी केली. ती चांगली चालली. पण स्वस्त तेलापुढे तिची वीज महाग ठरली आणि १९६७ मध्ये ती थांबली. सहा वर्षांनी तेलसंकट आलं. मग तीच पवनचक्की दुरुस्त करून पुन्हा फिरवली आणि तिच्यावर मोजमापं घेतली गेली. याच काळात, १९७५ ते १९७८ मध्ये, ट्विंड इथल्या शाळांमधले शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांनी मिळून २ मेगावॉट क्षमतेची भली मोठी पवनचक्की बांधली.

म्हणजे संकटाने नवीन ज्ञान आणलं नाही. बाजूला पडलेलं ज्ञान पुन्हा कामाला लावलं. ते टिकून होतं, कारण कुणीतरी ते शिकवत आलं होतं.

खरी परीक्षा १९८६ मध्ये

संकटात सगळेच शहाणे होतात. परीक्षा असते ती संकट ओसरल्यावर. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि काही काळ बॅरलला १० डॉलरच्या आसपास आले. आपल्याकडे म्हण आहेच : गरज सरो, वैद्य मरो.

अमेरिकेत जवळजवळ तसंच झालं. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७९ मध्ये व्हाइट हाउसच्या छतावर पाणी तापवणारे ३२ सौर संच बसवले होते. घरगुती सौर उपकरणांवरची केंद्रीय करसवलत १९८५ च्या अखेरीस संपली. १९८६ मध्ये, रोनाल्ड रेगन यांच्या काळात, छताच्या दुरुस्तीसाठी ते संच उतरवले आणि परत बसवलेच नाहीत.

डेन्मार्कने उलटा रस्ता धरला. तेल स्वस्त झाल्यावर सरकारने ऊर्जेवरचे कर वाढवले, म्हणजे लोकांना इंधन एकदम स्वस्त वाटू नये आणि बचतीची सवय मोडू नये. पवनचक्की घेणाऱ्यांना १९७९ पासून खर्चाच्या ३० टक्के अनुदान मिळत होतं. ते हळूहळू कमी करत नेलं, एका फटक्यात तोडलं नाही. त्यामुळे शेतकरी आणि गावकरी एकत्र येऊन पवनचक्क्या घेत राहिले. शेतीची अवजारं बनवणाऱ्या वेस्टाससारख्या कंपनीला या नव्या धंद्यात पाय रोवता आले. १९९१ मध्ये विंडेबी इथे समुद्रात ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. समुद्रातला तो जगातला पहिला पवन प्रकल्प. आज डेन्मार्कमधली निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळते.

हे फुकटात झालं का? अजिबात नाही. डॅनिश कुटुंबांनी वर्षानुवर्षं जास्त कर भरला. तिथली घरगुती वीज युरोपातल्या सर्वांत महाग विजांमध्ये गणली जाते. शिवाय उत्तर समुद्रात त्यांना स्वतःचं तेल आणि वायू सापडल्यामुळे मोठा आधार मिळाला. या दोन्ही गोष्टी मुलांना सांगितल्या, तरच चित्र पूर्ण होतं.

तीच गोष्ट पुन्हा : जर्मनी, २०२२

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. जर्मनी बाहेरून आणत असलेल्या नैसर्गिक वायूपैकी निम्म्याहून अधिक वायू त्याआधी रशियाकडून येत होता. पुरवठा घटला तशी जर्मनीने राखीव ठेवलेली कोळशाची केंद्रं पुन्हा सुरू केली, अणुवीज केंद्रांची मुदत काही महिने वाढवली आणि वर्षअखेरीपर्यंत विल्हेल्म्सहाफेन बंदरात द्रवरूप वायू उतरवण्याची सोय केली. ही झाली तहान भागवणं. त्याच वर्षी २०३० पर्यंत ८० टक्के वीज अक्षय ऊर्जेतून मिळवण्याचं उद्दिष्ट कायद्यात घातलं. ही विहीर. ती पुरी खणली जाते का, हे वायू स्वस्त झाल्यावर कळेल.

आणि आपण?

१९७३ चा चटका भारतालाही बसला होता. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात, बॉम्बे हायमध्ये, तेल सापडलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. १९७९ मध्ये इराणमधल्या क्रांतीनंतर तेल पुन्हा भडकलं. त्यानंतर १९८१ मध्ये केंद्र सरकारने अतिरिक्त ऊर्जास्रोतांसाठी वेगळा आयोग नेमला. तरीही आज आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. त्यातला मोठा वाटा होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. भूगोलाच्या नकाशात ती चिंचोळी जागा मुलांना बोट ठेवून शोधायला सांगा. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा तिच्याशी काय संबंध, हे त्यांना लगेच उमजेल.

वर्गात आणि घरी करून पाहा

१. फळ्यावर तीन रकाने आखा : 'संकटात लगेच केलं', 'दीर्घकाळासाठी केलं', 'संकट सरल्यावर टिकवलं'. डेन्मार्क, अमेरिका आणि जर्मनीची माहिती मुलांना भरू द्या.

२. चर्चेसाठी प्रश्न : तेल स्वस्त झालं असताना कर वाढवणं योग्य का? गरीब कुटुंबावर त्याचा काय परिणाम होईल? इथे एकच बरोबर उत्तर नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी बोलू द्या.

३. पालकांसाठी : मुलांना बरोबर घेऊन घरातल्या एका महिन्याच्या गॅस, वीज आणि पेट्रोलच्या खर्चाची यादी करा. यातलं काय बाहेरच्या देशावर अवलंबून आहे, यावर खूण करा. आणि भाव उतरल्यावरही चालू ठेवता येईल अशी बचतीची एक सवय मुलांनाच निवडू द्या.